पिच्छी, कमंडलू आणि एक लेन्स

श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या पायथ्याशी चपला काढून ठेवाव्या लागतात. तिथून गोमटेश्वराच्या पायांपर्यंत सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत, डोंगराच्या उघड्या कातळातच खोदलेल्या. उन्हाळ्यात ऊन चढले की हा कातळ असा तापतो की पाऊल टेकवत नाही. म्हणून पुष्कळ जण पायमोजे घालून चढतात. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग लावून निघालेल्या माणसाला इथे एक गोष्ट कळते, जी शहरात बूट घालून फिरताना कळत नाही. बॅगेतल्या प्रत्येक वस्तूचे वजन शेवटी तळपायावर येते. शंभर पायऱ्या होईतो पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेलेला असतो. दोनशे झाल्या की तो पुन्हा डावीकडे येतो. अर्ध्या वाटेवर टेकून बॅग उघडली, तर रात्री घरी जे जे अत्यावश्यक वाटले होते त्यातले निम्मे सामान इथे दुसऱ्याच कुणाचे वाटू लागते.

आणि वर पोचल्यावर समोर उभा असतो तो, ज्याच्या अंगावर सूतसुद्धा नाही.

सुमारे ५७ फूट उंचीची ही गोमटेश्वराची, म्हणजे जैन परंपरेतल्या बाहुबलीची, मूर्ती अखंड कातळातून घडवलेली आहे. गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस ती करवून घेतली. मूर्तीच्या पायांशी कन्नड आणि तमिळ लेखांच्या सोबतीने मराठी लेखही कोरलेला आहे, आणि मराठीच्या अगदी जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. त्यातली एक ओळ सांगते की मूर्ती चावुंडरायाने करवली. दुसरी सांगते की भोवतीचा प्राकार गंगराजाने करवला. हा गंगराज म्हणजे बाराव्या शतकातला, होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. कॅमेरा घेऊन आलेल्या मराठी माणसाने ही दुसरी ओळ जरूर वाचावी, कारण मागे किती सरकता येईल हे त्या प्राकारानेच ठरवून टाकले आहे. फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरून ५० मिमीच्या लेन्सने ही मूर्ती पायापासून डोक्यापर्यंत टिपायची तर जवळपास २४ मीटर मागे जावे लागते. २८ मिमीच्या लेन्सला १४ मीटर पुरतात. मूर्तीचे तोंड उत्तरेकडे आहे, त्यामुळे वर्षातले बहुतेक महिने सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी येत नाही, चेहऱ्यावर उजेड तिरपाच पडतो. त्यावर कुठल्या लेन्सचा इलाज चालत नाही. थांबावे लागते.

मग बाकीचे ओझे वर आले कशासाठी?

प्रश्न सामानाचा दिसतो, पण या टेकडीवर त्याला फार जुने आणि फार काटेकोर उत्तर शोधले गेले आहे. आपल्याजवळ किती असावे याचा विचार सगळ्याच धर्मांनी केला. पतंजलीच्या यमांत अपरिग्रह आहे, आणि बौद्ध भिक्खूच्या आठ वस्तूंची यादी तर प्रसिद्धच आहे: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे कापड. पण जैन आचार्य ज्या बारकाईने वस्तूंच्या मुळाशी गेले, तसे क्वचितच कोणी गेले असेल. त्यांनी परिग्रहाचे, म्हणजे जवळ बाळगलेल्या गोष्टींचे, दोन भाग केले. बाहेरचा परिग्रह दहा प्रकारचा: शेत, घर, सोने, चांदी, पशुधन, धान्य, दास, दासी, कापडचोपड, भांडीकुंडी. आतला परिग्रह चौदा प्रकारचा. मिथ्यात्व हा पहिला. मग क्रोध, मान, माया आणि लोभ. त्यानंतर हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा आणि कामवासनेचे तीन प्रकार.

या चौदांच्या यादीत भय आहे, ही गोष्ट थबकायला लावणारी आहे. भीती हा दुबळेपणा मानला जातो, आजार मानला जातो, पण तिला ‘जवळ बाळगलेली मालमत्ता’ म्हणणे वेगळे आहे. कॅमेऱ्याची बॅग भरताना हे वर्गीकरण किती नेमके आहे ते दिसते. जादा लेन्स बॅगेत लोभाने फारशी जात नाही. ती भीतीने जाते. ‘लागली तर?’ या दोन शब्दांनी जाते.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. सोनीच्या ए-७ फोर कॅमेऱ्याचे वजन बॅटरी आणि कार्डासह ६५८ ग्रॅम. त्याच कंपनीची २४-७० मिमी, एफ २.८ ही दुसऱ्या आवृत्तीची लेन्स ६९५ ग्रॅम. ७०-२०० मिमीची दुसरी आवृत्ती १,०४५ ग्रॅम. तिन्ही मिळून २,३९८ ग्रॅम झाले, आणि यात फ्लॅश नाही, पाण्याची बाटली नाही, खुद्द बॅगही नाही. याउलट फूजीचा एक्स-१०० व्ही हा न बदलणाऱ्या एकाच लेन्सचा कॅमेरा ४७८ ग्रॅममध्ये आटोपतो. म्हणजे ‘लागली तर?’ या शंकेची किंमत दोन किलोंच्या घरात जाते. ती भरूनही शंका मिटत नाही, कारण दोन लेन्स घेतल्या की तिसरीची आठवण होते.

इथे कोणी म्हणेल की चार लेन्स बाळगल्या तरी त्यांच्यात जीव गुंतला नाही म्हणजे झाले. हा युक्तिवाद हलका नाही. किंबहुना जैन परंपरेतला सर्वांत खोल मतभेद याच ठिकाणी आहे. उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र श्वेतांबर आणि दिगंबर दोघेही मानतात, आणि त्यात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. मूर्च्छा म्हणजे ‘हे माझे’ या भावनेत शुद्ध हरपणे. श्वेतांबर आचार्य म्हणाले, मूर्च्छा नसेल तर साधूचे वस्त्र आणि पात्र ही संयमाची साधने ठरतात, परिग्रह ठरत नाहीत. दिगंबर आचार्यांना हे पटले नाही. वस्त्र आले की ते धुवावे लागते, फाटले की शिवावे लागते, हरवले की मागावे लागते, चोरीला जाईल म्हणून जपावे लागते. वस्तू स्वतःच मूर्च्छेला आमंत्रण देते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून दिगंबर मुनीजवळ तीनच उपकरणे राहिली: जीवजंतू हळुवार बाजूला सारायला मोरपिसांची पिच्छी, शुद्धीच्या पाण्यासाठी कमंडलू आणि ज्ञानासाठी शास्त्रग्रंथ. तिन्हींना आपापले काम आहे आणि त्या कामापलीकडे त्यांना तिथे जागा नाही. हा वाद केवळ कापडाच्या तुकड्याचा राहिला नाही, स्त्रीला त्याच जन्मी मोक्ष मिळू शकतो की नाही हा मोठा आणि क्लेशकारक वादही त्यालाच जोडला गेला. वस्तूंचा प्रश्न किती दूरवर जातो याची ती साक्ष आहे.

त्या दुसऱ्या वादात ‘नाही’ म्हणणाऱ्या दिगंबर मताच्या बाजूने उभे राहणे आज अवघड आहे. पण वस्तूंच्या स्वभावाबद्दल त्यांनी जे सांगितले ते साध्या माणसाच्या अनुभवाला जास्त जुळते. मूर्च्छा नसलेले मन हे साधनेच्या शेवटाला मिळते, सुरुवातीला नाही. तोपर्यंत वस्तू आपले काम करत राहतात. दुसरी लेन्स जवळ असली की ती बदलायची का, हा प्रश्न दर दहा मिनिटांनी पडतो. बदलताना सेन्सरवर धूळ बसेल याची काळजी असते, झाकण कुठल्या खिशात ठेवले याचा शोध असतो. बॅग जड म्हणून खाली ठेवली की दर्शन घेताना अर्धे लक्ष बॅगेकडे. पुष्कळदा तर समोरचा प्रसंग घडून जातो तेव्हा छायाचित्रकार खाली पाहत असतो.

तरीही वजन म्हणजे मूर्च्छा असे समीकरण मांडता येणार नाही. होमाई व्यारावाला यांचे उदाहरण आडवे येते. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या होमाईबाई या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, सायकलवर बोजड सामान लादून त्या दिल्लीभर फिरत. स्पीड ग्राफिक हा त्या काळच्या वृत्तछायाचित्रकारांचा आडदांड कॅमेरा त्या वापरत. अशा कॅमेऱ्याच्या एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच ताव बसतात, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. दोन चित्रे झाली की होल्डर बदलायचा. ओझे मोठे, पण प्रत्येक चित्र मोजून काढलेले. कामाला जे लागत होते ते त्यांनी उचलले, आणि १९७०च्या सुमारास काम थांबवले तेव्हा कॅमेराही कायमचा बाजूला ठेवला. एवढे वजन उचलून इतक्या सहज खाली ठेवणे किती जणांना साधते?

त्यांच्याच आयुष्यातली आणखी एक घटना भयाच्या त्या यादीशी जोडून पाहण्यासारखी आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या बिर्ला हाउसमधल्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ, असे सांगून पतीने त्यांना परत बोलावले. त्या संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. ते चित्र राहून गेल्याची खंत होमाईबाईंना आयुष्यभर होती. छायाचित्रकाराला ज्या ‘लागली तर?’ची धास्ती असते, तिचे याहून मोठे रूप सापडणार नाही. पण ते चित्र लेन्स नव्हती म्हणून हुकले नाही, बॅग लहान होती म्हणूनही नाही. ज्या चुकामुकीला आपण घाबरतो ती बहुतेक वेळा सामानाने टळणारी नसते. मग सामान वाढवून आपण नेमके कशाला थोपवत असतो?

गांधीजींचाच एक प्रसंग पुण्यात घडला. अपरिग्रह हे त्यांच्या आश्रमाच्या अकरा व्रतांपैकी एक. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना दर आठवड्याला पत्र लिहून त्यांनी एकेका व्रताचा अर्थ सांगितला, आणि अपरिग्रहाबद्दल लिहिताना तो वस्तूंपुरता न ठेवता विचारांपर्यंत नेला. अनावश्यक विचारांचा साठा हाही परिग्रहच. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बोर्क-व्हाइट त्यांचे छायाचित्र काढायला पुण्याला आल्या. आधी चरखा शिकून घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. त्या शिकल्या. त्यातही गांधीजींचा तो मौनाचा वार होता, आणि डोळ्यांवर येणारा प्रखर उजेड त्यांना आवडत नसे. म्हणून फ्लॅशचे फक्त तीन बल्ब वापरायची मुभा मिळाली. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसरा बल्ब लागला आणि चरख्यामागे बसून वाचणाऱ्या गांधीजींचे ते चित्र उतरले, जे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. तीसऐवजी तीनच बल्ब मिळाले म्हणून चित्र चांगले आले, असा दावा करता येत नाही. पण मर्यादा त्या खोलीत दुसऱ्याने घातली होती आणि ती आधी ठरली होती, कॅमेरा हातात घेण्यापूर्वी.

‘आधी’ हा शब्द जैन गृहस्थाच्या आचारात फार महत्त्वाचा आहे. सर्वसंगपरित्याग मुनीसाठी. संसारी माणसासाठी परिग्रह-परिमाण हे व्रत आहे: एवढेच ठेवीन, याहून जास्त नाही, ही मर्यादा मोह समोर येण्यापूर्वीच घालून घ्यायची. श्वेतांबर घरांत आजही काही जण सकाळी चौदा नियम धारण करतात. आज किती पदार्थ खायचे, कोणती वाहने वापरायची, पादत्राणांचे किती जोड, किती वस्त्रे, कुठल्या दिशेला किती दूर जायचे, हे त्या दिवसापुरते ठरवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने. मर्यादा एका दिवसाची असल्यामुळे ती झेपते, आणि रोज ठरवायची असल्यामुळे ती सवयीत झोपी जात नाही.

रात्री पलंगावर चादर पसरून त्यावर कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या मांडणारा माणूस याच जातीचे काम करत असतो, त्याला ते नाव माहीत नसले तरी. उद्या काय पाहायला जायचे आहे हे त्याने ठरवले की काय न्यायचे नाही हे आपोआप ठरते. त्या अर्थाने खांद्याची लहान बॅग म्हणजे कापडात शिवलेले परिमाण. पाठीवरच्या मोठ्या बॅगेत नेहमीच आणखी एक वस्तू मावते. लहान बॅगेत एक घालायची तर एक काढावी लागते.

महाराष्ट्राला अशी खांद्याची पिशवी नवी नाही. गोसाव्याची झोळी होती, महानुभावांची भिक्षेची झोळी होती, आणि ती रोज भरून रोज रिकामी होत असे. वाटसरूची पडशी पुढे-मागे लोंबायची, दोन्ही कप्प्यांत भार सारखा नसला तर ती खांद्यावर ठरायचीच नाही. पुढे लेखक-कार्यकर्त्यांची शबनम आली. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर वारकऱ्याचे अंथरूण-पांघरूण दिंडीच्या ट्रकमध्ये असते आणि खांद्याला चालताना लागेल तेवढेच. त्यांच्या पावलाशी पाऊल लावून चालणारा छायाचित्रकारही दिवे घाट चढेपर्यंत ते शिकलेला असतो.

कॅमेऱ्याच्या बॅगेचा इतिहासही कामातूनच घडला. १९७०च्या दशकाच्या मध्यात ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’चे छायाचित्रकार जिम डॉमकी यांनी स्वतःच्या कामासाठी जाड कॅनव्हासची, फार गादी न भरलेली, अंगाला चिकटून राहणारी बॅग तयार केली. इंग्लंडची बिलिंगहॅम कंपनी मुळात मासेमारीच्या सामानाच्या पिशव्या करायची. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार त्याच घेऊन जातात हे लक्षात आल्यावर ती कॅमेऱ्यांच्या बॅगांकडे वळली. तिच्या कापडात दोन थरांमध्ये रबराचा थर असतो, पावसाला चांगला. मात्र तिचे पट्टे चामड्याचे असतात, आणि पुष्कळ जैन मंदिरांत चामडे आत नेत नाहीत. तिथे जाणाऱ्याने निव्वळ कॅनव्हासची किंवा नायलॉनची बॅग घ्यावी. बंद कशाने होते तेही पाहावे. गाभाऱ्याच्या शांततेत व्हेल्क्रो फाडल्यासारखा वाजतो आणि जपाला बसलेली माणसे डोळे उघडतात. आकड्याची किंवा साध्या बकलाची बॅग तिथे शोभते. पट्टा रुंद हवा, खांद्यावरून छातीवर तिरपा घेता येईल एवढा लांब हवा. आत दोन कप्पे पुरे. एकात लेन्स लावलेला कॅमेरा, झाकण वर करताच हाताला येईल असा. दुसऱ्यात एक छोटी लेन्स, निकॉनची ४० मिमी, एफ २ केवळ १७० ग्रॅमची असते, तसली. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत, म्हणून दोन बॅटऱ्या टोके झाकून इथेच. एक जादा कार्ड, पुसायचे कापड, पावसाळी पिशवी. संपले.

संपले म्हणताना एक धोका मात्र जवळ येऊन उभा राहतो, आणि तो बाहुबलीच्याच कथेत आहे. थोरल्या भावाशी, भरताशी झालेल्या द्वंद्वात जिंकूनही त्याने राज्य टाकले, वस्त्रे टाकली, तो ध्यानात उभा राहिला. वर्ष लोटले, पायांवरून वेली चढल्या, तरी केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, होईना. श्वेतांबर कथेत कारण असे सांगतात की आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांपुढे वाकायला त्याचे मन तयार नव्हते. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येऊन म्हणाल्या, दादा, हत्तीवरून खाली उतर. जवळ काही नसलेला माणूस हत्तीवर बसलेला होता, आणि तो हत्ती होता मानाचा, चौदांतल्या तिसऱ्याचा. एक कॅमेरा, एक लेन्स घेऊन फिरणाऱ्याला ट्रायपॉड आणि तीन बॅगा घेऊन आलेल्याकडे पाहताना जे वाटते, ते प्रामाणिकपणे तपासले तर हा हत्ती ओळखू येईल. निर्दोष लहान बॅग सापडावी म्हणून एकामागून एक पाच बॅगा विकत घेणाऱ्याच्या कपाटात तर बाहेरचा परिग्रहही तसाच राहिलेला असतो, फक्त त्याचे माप बदललेले असते.

पावसाळ्यात मुनी फिरत नाहीत, चार महिने एका गावी राहतात. कॅमेराही कोकणात, मुंबईत त्या महिन्यांत सांभाळावा लागतो. दमट बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीचे जाळे धरते, म्हणून सामान ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात ठेवायचे आणि बॅग रिकामी करून, तोंड उघडे टाकून वाऱ्याला ठेवायची. चातुर्मास संपला की दिगंबर समाजात पिच्छी परिवर्तनाचा सोहळा होतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी जैन गावांतही तो मोठ्या श्रद्धेने पाहिला जातो. वर्षभर वापरून झिजलेली पिच्छी मुनी सोडतात आणि मोराने आपण होऊन टाकलेल्या पिसांची नवी घेतात. जुनी पिच्छी संयमाचा नियम घेणाऱ्या श्रावकाच्या हाती जाते. तीनच वस्तू, आणि त्यातलीही एक वर्षाहून जास्त जवळ राहत नाही.

कार्तिक सरतो, हवा कोरडी होते, दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांची आरक्षणे सुरू होतात. वाऱ्याला टांगलेली बॅग खाली येते. विंध्यगिरीसाठी तिच्यात २८ मिमीची लेन्स लावलेला कॅमेरा जातो, दोन बॅटऱ्या, एक कार्ड, एक कापड. दुसऱ्या लेन्सचा कप्पा या खेपेला मोकळा आहे. त्यात पायमोज्यांचा एक जोड बसतो.